डबीचा आवाज

तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी हलवली की खुळखुळते. दिवसा त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण निवासी शाळेत, रात्री दिवे मालवल्यावर, ओळीनं खाटा लावलेल्या खोलीत ती पत्र्याच्या ट्रंकेतून बाहेर काढली की सगळ्यांना ऐकू जाते. केनिया, युगांडा, झिम्बाब्वे या देशांत माध्यमिक शाळेची कितीतरी मुलं वसतिगृहात राहतात. त्यांच्यातली जी जन्मापासून एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांना हा आवाज पक्का ओळखीचा असतो. म्हणून कुणी डबीत कापूस कोंबतं, कुणी लेबल खरवडून काढतं, कुणी गोळ्या मोज्यात नाहीतर कागदाच्या पुडीत लपवतं. डबीत ओलावा शोषणारी एक छोटी पुडी असते. गोळ्या मोज्यात गेल्या की तो आधार सुटतो, त्या दमट होतात, कडा झिजतात. आणि शेजारच्या खाटेवरचं कुणी जागं असलं, तर त्या रात्रीची गोळी राहूनच जाते. अशा रात्री साठत गेल्या की रक्तातला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. दवाखान्याच्या कागदावर मात्र एवढीच नोंद होते: मूल औषध नीट घेत नाही.

आफ्रिकेतल्या तरुणांनी एचआयव्हीच्या कलंकाशी दिलेल्या लढ्याबद्दल आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं, ते बहुतेक धाडसाच्या गोष्टी म्हणून. एक मुलगी व्यासपीठावर उभी राहते, 'मला एचआयव्ही आहे' असं सांगते, टाळ्या पडतात. त्या धाडसाचं मोल मोठंच आहे. पण कलंक फक्त लोकांच्या मनात राहतो आणि एखाद्या भाषणानं, पोस्टरनं तो धुऊन निघतो, ही समजूत चुकीची आहे. कलंक डबीच्या आवाजात असतो, केसपेपरच्या रंगात असतो, दवाखान्यातल्या वेगळ्या बाकावर आणि ठरलेल्या बुधवारी असतो. तो नेमका कुठं बसलाय हे त्यातून रोज जाणाऱ्या मुलांनाच ठाऊक असतं. म्हणून या तरुणांचा नुसता गौरव पुरेसा नाही. त्यांना आरोग्यसेवेत पगारी जागा मिळायला हवी, आणि त्या जागेचा पैसा त्यांच्या सरकारांच्या अंदाजपत्रकातून यायला हवा.

सुरुवात घरातून होते. जन्मतः लागण झालेल्या मुलाला खरं कधी सांगायचं? सहा ते बारा वर्षांच्या वयात मुलाला त्याच्या आजाराबद्दल सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच स्पष्ट केलं. पण आईबाप पुष्कळदा गेलेले असतात, मूल आजीकडे वाढत असतं, आणि आजी सांगते, 'ही गोळी छातीची आहे.' मग तेराव्या वर्षी मूल डबीवरचं नाव मोबाइलवर शोधतं, किंवा जीवशास्त्राच्या तासाला फळ्यावर आपल्याच औषधाचं नाव वाचतं. तेव्हा बसणारा धक्का दुहेरी असतो. आजार कळतो, आणि सगळ्यात जवळच्या माणसानं इतकी वर्षं लपवलं हेही त्याच क्षणी कळतं. पुष्कळ मुलं नेमकी तेव्हाच औषध सोडतात.

यावर उपाय आहे, आणि तो टप्प्याटप्प्यानं करायचा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगतात की तुझ्या रक्तात सैनिक आहेत आणि गोळीनं त्यांना बळ येतं. पुढे सांगतात की रक्तात एक वाईट जंतूही आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते, आणि गोळी चुकली की तो जागा होतो. एचआयव्ही हे नाव सगळ्यात शेवटी येतं. नामिबियात यासाठी चित्रांची पुस्तिका वापरतात. मूल मागच्या भेटीतलं स्वतःच्या शब्दांत सांगू लागलं, तरच पान उलटायचं. घोडं अडतं ते बहुधा आजीपाशी. 'आईला तो कुठून झाला?' हा प्रश्न कधीतरी येणारच, आणि त्याच भीतीनं ती विषय टाळते. म्हणून त्या उत्तराची तयारी आधी तिच्याकडून करून घ्यावी लागते. दुसरी चूक वरवर साधी दिसते. सगळं नीट सांगून झाल्यावर शेवटचं वाक्य असतं, 'आता हे कुणाला सांगू नकोस.' मुलाच्या लक्षात नेमकं तेवढंच राहतं. त्याऐवजी कुणाला सांगायचं, कुणाला नाही, आणि कुणी विचारलं तर काय बोलायचं, हे मूल, आजी आणि समुपदेशक अशा तिघांनी बसून ठरवलं तर गुपिताचं ओझं बरंच हलकं होतं.

घराच्या पुढचा अडसर दवाखान्याचा. एचआयव्हीच्या रुग्णांचे कागद वेगळ्या रंगाचे, त्यांचं दार वेगळं, वार वेगळा. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली ही मांडणी गावाला सगळं सांगून टाकते. दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारनंतर कामकाज आटोपतं, म्हणजे शाळा बुडवावीच लागते. महिन्याच्या गोळ्या महिन्यालाच मिळत असतील तर वर्षाला बारा गैरहजेऱ्या, आणि दर वेळी मुख्याध्यापकांना नवं कारण. तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर हेच चकरांचं काम चारदा नाहीतर दोनदा होतं. मोठ्यांना ही सोय आधी मिळाली. किशोरवयीन मुलांना 'अजून स्थिर नाहीत' म्हणून बराच काळ ती नाकारली गेली. ज्यांना तिची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच वाट्याला ती उशिरा आली.

गोळ्या मोजण्याची पद्धतही तशीच. तीस गोळ्या दिल्या, अठ्ठावीस दिवसांनी बोलावलं, म्हणजे दोन उरायला हव्यात. सात उरल्या तर नर्स सगळ्यांसमोर रागावते. पुढच्या वेळी मूल येताना पाच गोळ्या संडासात टाकतं, हिशेब जुळतो, नर्स शाबासकी देते. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत याचा, अहवाल कित्येक आठवड्यांनी येतो तेव्हा आकडा हजाराच्या वर गेलेला असतो आणि सगळे चकित होतात. हिशेब इतका चोख जुळतोय याचाच संशय यायला हवा होता. तो एखाद्या वीस वर्षांच्या पोराला आला असता, कारण त्यानंही कधीतरी गोळ्या टाकलेल्या असतात.

झिम्बाब्वेतल्या 'झ्वांदिरी' या कार्यक्रमानं हे ओळखलं. शोना भाषेत झ्वांदिरी म्हणजे 'मी जसा आहे तसा'. २००४ मध्ये हरारेत एचआयव्हीसह जगणाऱ्या मोजक्या मुलामुलींच्या गटातून तो उभा राहिला. त्याचा कणा म्हणजे अठरा ते चोवीस वर्षांचे, स्वतः एचआयव्हीसह जगणारे सहायक. त्यांना प्रशिक्षण देऊन एका दवाखान्याशी जोडतात, सायकल, फोन आणि मानधन देतात. नेमून दिलेल्या मुलांच्या घरी जाणं, संदेश पाठवणं, दर महिन्याला गट भरवणं, आजी-मामा-काकूंशी बोलणं, आणि कुणी दोन दिवस फोन उचलला नाही तर सायकल काढणं, असं त्यांचं काम.

या पद्धतीची रीतसर चाचणी बिंदुरा आणि शाम्वा या जिल्ह्यांत झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोळा दवाखाने होते. निम्म्यांत नेहमीची सेवा, निम्म्यांत तिच्या जोडीला हे सहायक. तेरा ते एकोणीस वर्षांची ४९६ मुलं, त्यातली ८१ टक्के आई, वडील किंवा दोघंही गमावलेली. ९६ आठवड्यांनंतर मोजलं, की किती मुलांचा व्हायरल लोड एक हजार किंवा त्याहून जास्त आहे किंवा किती मुलं दगावली. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण ३६ टक्के होतं, झ्वांदिरीत २५ टक्के. औषधं दोन्हीकडे तीच. फरक पडला तो माणसानं.

हा आकडा नीट वाचायला हवा, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. झ्वांदिरीतही चारात एक मूल सुरक्षित नव्हतं. दोन्ही गट मिळून दोन वर्षांच्या आत अठ्ठावीस मुलं गेली. म्हणजे ही जादूची कांडी नाही. त्या काळात तिथं डोल्युटेग्राविर हे नवं औषध अजून सर्रास पोचलं नव्हतं, आधीच्या एफाविरेन्झनं मुलांना गरगरायचं, भीतीदायक स्वप्नं पडायची, आणि घरात जेवणाची भ्रांत असेल तर गोळी पोटात टिकवणंही अवघड. आज औषध चांगलं आहे. टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम यांची एकच गोळी, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. लहान मुलांना पूर्वी कडू सिरप द्यावं लागे. त्यात बेचाळीस टक्के अल्कोहोल असायचं आणि साठवायला फ्रिज लागायचा. आता त्यांना पाण्यात विरघळणारी गोडसर गोळी मिळते. तरी या गोळीलाही तोंडापर्यंत पोचावं लागतं, आणि वसतिगृहातली ती रात्र काही बदललेली नाही.

झाम्बियात याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं हात घातला गेला. ल्युसाकातल्या दाट वस्त्यांमध्ये 'याथू याथू', म्हणजे आमच्यासाठी आम्हीच, या नावानं पंधरा ते चोवीस वयोगटासाठी केंद्रं उघडली. ती चालवायला त्याच वस्तीतले तरुण. प्रत्येकाला एक कार्ड, आणि कुठलीही आरोग्यसेवा घेतली की त्यावर गुण. त्या गुणांवर साबण, सॅनिटरी पॅड, शाळेचं साहित्य असं काहीबाही मिळायचं. इथं सगळेच यायचे, म्हणून कोण कशासाठी आलं हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला एचआयव्ही आहे की नाही हे माहीत असलेल्यांचं प्रमाण या भागांत सुमारे ७३ टक्के निघालं. जिथं केंद्रं नव्हती तिथं ते ४८ टक्क्यांच्या आसपास होतं. मलावीत शनिवारी भरणारे किशोर गट, 'टीन क्लब', मुलांना उपचारात टिकवून ठेवतात हे खरं, पण त्यांची एक अडचण आहे. शनिवारी दवाखान्यात फक्त हीच मुलं येतात हे गावाला कळलं, की शनिवारच बोलू लागतो. मला ल्युसाकाची वाट जास्त पटते. गट बंद करू नयेत, पण त्याच आवारात, त्याच दिवशी सगळ्यांसाठी काहीतरी असावं, निदान फुटबॉल तरी.

'सगळ्यांनीच लपवलं तर कलंक जाणार कसा?' असा प्रश्न इथं येतो, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या गुगू द्लामिनीनं डिसेंबर १९९८ मध्ये, जागतिक एड्स दिनाच्या निमित्तानं, आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. डर्बनजवळच्या क्वामाशू वस्तीत जमावानं तिला मारलं आणि त्यात ती गेली. त्याच देशातल्या, जन्मापासून एचआयव्ही असलेल्या एन्कोसी जॉन्सनला १९९७ मध्ये शाळेत घ्यायला पालकांचा विरोध झाला. तो लढा जिंकला, आणि २००० च्या जुलैत, अकरा वर्षांचा असताना, ढगळ सूट घालून तो डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत बोलला. आम्हीही माणसंच आहोत, आम्हाला घाबरू नका, एवढंच त्याचं सांगणं होतं. १ जून २००१ ला तो गेला. त्याला लागणारी औषधं तेव्हा जगात होती, पण त्याच्या देशातल्या सरकारी दवाखान्यात नव्हती. या दोघांच्या बोलण्यानं पुष्कळ बदललं. त्याची किंमत काय पडली हेही तितकंच खरं आहे.

डिसेंबर १९९८ मध्येच दक्षिण आफ्रिकेत ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही उपचारांच्या हक्कासाठीची चळवळ सुरू झाली. गुगूच्या हत्येनंतर त्यांनी पुढे मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असं छापलेले टी-शर्ट काढले आणि ते सगळ्यांनी घातले, लागण असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही. २००२ मध्ये नेल्सन मंडेलांनीही घातला. मला या चळवळीची हीच सगळ्यात शहाणी कृती वाटते. टी-शर्टानं कुणाला उघडं पाडलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या हजार जणांत कुणाला लागण आहे हे ओळखणंच अशक्य करून टाकलं. वरच्या प्रश्नाचं उत्तर त्या टी-शर्टात आहे. उघड व्हायचं ओझं ज्यांना आधीच सगळ्यात जास्त सोसावं लागतं त्यांच्यावर टाकायचं नसतं, ते सगळ्यांनी मिळून उचलायचं असतं. युगांडात २०१४ पासून एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांची संघटना 'वाय प्लस' सौंदर्यस्पर्धा भरवते, आणि जी मुलं आपणहून त्या मंचावर जातात त्यांचं बळ पाहून कुणाचीही मान ताठ होईल. पण जी जात नाहीत ती कमी धीट, असं मात्र कुणी म्हणू नये. सोळा वर्षांच्या मुलीवर जगाला शहाणं करायची जबाबदारी नाही.

औषधानं विषाणू चाचणीत सापडण्याच्या खाली गेला की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. मोजता येतोय पण एक हजारापर्यंतच आहे, तरी धोका जवळजवळ शून्य. प्रेमात पडू बघणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी याहून मोठी बातमी नाही, आणि प्रत्येक दवाखान्यात ती आपणहून सांगितली जायला हवी. सांगताना एक पथ्य मात्र पाळावं. ज्यांचा आकडा अजून खाली आलेला नाही त्यांच्यासाठी हीच बातमी नवा कलंक होऊ शकते: ते चांगले, आम्ही वाईट. त्यांना एवढंच सांगावं, की तीन महिन्यांनी पुन्हा तपासू आणि तोवर गोळी कुठं अडते ते मिळून शोधू.

कलंक वस्तूंमध्ये राहतो याचा सगळ्यात ठळक पुरावा अलीकडचा आहे आणि तो लागण नसलेल्या मुलींकडून मिळाला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात सोळा ते पंचवीस वर्षांच्या मुलींवर एचआयव्ही टाळणाऱ्या औषधांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळीच्या दोन्ही गटांत मिळून पंचावन्न जणींना झाली. गोळ्या कुचकामी नव्हत्या. बहुतेक जणींना त्या रोज घेणं जमलं नव्हतं. प्रतिबंधाची डबी हुबेहूब उपचाराच्या डबीसारखी दिसते. आईला, नवऱ्याला, घरमालकिणीला सापडली तर काय ऐकावं लागेल, हे अशा मुलीला नीट माहीत असतं. इंजेक्शन उशीखाली सापडत नाही.

आता पैशाचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परकीय मदत गोठवली. काही दिवसांनी जीव वाचवणाऱ्या उपचारांना सवलत मिळाली आणि गोळ्यांचा पुरवठा बऱ्याच ठिकाणी कसाबसा सुरू राहिला. घरी जाणारे सहायक, समुपदेशक, किशोर गट हे मात्र अनेक देशांत एका फटक्यात थांबले. दक्षिण आफ्रिका गोळ्या मुख्यतः स्वतःच्या पैशानं घेते. तिच्या एचआयव्ही कार्यक्रमातला अमेरिकेचा वाटा साधारण १७ टक्के होता, पण त्यातला मोठा भाग माणसांच्या पगारावर जायचा. गोळी आली आणि सायकल थांबली, तर काय होतं हे झ्वांदिरीच्या आकड्यांनी आधीच दाखवलेलं आहे.

यावर सरकारांचं उत्तर ठरलेलं असतं: पैसा नाही. पण २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचे पंधरा टक्के आरोग्यावर खर्च करायचं वचन दिलं होतं. ते पाळणारे देश कोणत्याही वर्षी मोजकेच निघाले. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. चोविसाव्या वर्षी या सहायकांचं पुढं काय? आज बहुतेकांना मानधन मिळतं, नोकरी नाही. वय संपलं की अनुभवासकट बाहेर. म्हणून ही जागा पहिली पायरी धरून पुढची वाट तिथंच बांधली पाहिजे: प्रमाणपत्र, समुपदेशक किंवा परिचारिकेच्या अभ्यासक्रमात राखीव जागा, आणि त्यांच्या स्वतःच्या मनाची काळजी घेणारं कुणीतरी. रोज दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाच्या गटातलं एखादं मूल गेलं, तर तो कुणाशी बोलणार? शोनात 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, नको तितका विचार करणं. तो या सहायकांनाही होतो.

या साखळीचं एक टोक आपल्या दाराशी आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एका रुग्णाची वर्षभराची तीन औषधं ३५० डॉलरला देऊ केली. तोवर त्यांना दहा हजार डॉलरहून जास्त पडायचे. आज तीन औषधांची एक गोळी वर्षाला पंचेचाळीस डॉलरच्या आत मिळते, आणि आफ्रिकेत जाणाऱ्या या गोळ्यांचा मोठा वाटा भारतातल्या कारखान्यांत तयार होतो. म्हणजे वसतिगृहात खुळखुळणारी ती डबी बहुधा इथूनच गेलेली असते. खरेदीच्या निविदेत गोळीतल्या औषधाचं प्रमाण, ओलावा, मुदत, सगळ्याच्या अटी असतात. डबी कशी दिसते, लेबल सहज निघतं का, हलवल्यावर किती वाजते, याची अट असल्याचं दिसत नाही. ती अट लिहायच्या बैठकीत बिंदुरातल्या किंवा ल्युसाकातल्या दोन-तीन तरुणांना बसवा, आणि त्या दिवसाचा पगार त्यांना द्या.